आधी मॉनिटर मोजा, मग कार्ड घ्या: तीन स्क्रीनच्या सेटअपसाठी ग्राफिक्स कार्ड कसं निवडायचं

तीन मॉनिटर लावून गेम खेळायचंय, कुठलं कार्ड घेऊ, असं कोणी विचारलं की मी आधी उलट तीन गोष्टी विचारतो. मॉनिटर कुठले आहेत किंवा कुठले घेणार, जास्त वेळ कुठला गेम खेळणार आणि सेकंदाला किती फ्रेम्सवर, म्हणजे किती चित्रांवर, तुमचं समाधान होतं. ह्या तिन्हीची उत्तरं नसताना कार्डाचं नाव सांगणं म्हणजे माप न घेता कपडे शिवणं. पण बहुतेक जण आधी कार्ड घेतात, कारण सेल लागलेला असतो, आणि मग मॉनिटर आले की कळतं की पोर्ट पुरत नाहीत नाहीतर मेमरी पुरत नाही नाहीतर पॉवर सप्लाय पुरत नाही.

मी स्वतः रेसिंग आणि ट्रक सिम्युलेटरवाला आहे, स्टीअरिंग व्हील टेबलाला लावून रोज रात्री तासभर तरी बसतो, त्यामुळे खालचं सगळं त्या नजरेतून लिहिलंय. शूटर गेम खेळणाऱ्यांना तीन स्क्रीनचा तितका फायदा नसतो असं माझं मत आहे, त्यांनी एकच चांगला हाय रिफ्रेश मॉनिटर (सेकंदाला जास्त वेळा चित्र बदलणारा, हे हर्ट्झमध्ये मोजतात) घ्यावा. पण गाडी चालवताना शेजारची गाडी डोळ्याच्या कोपऱ्यात दिसणं, वळणाचा आतला कोपरा मान न वळवता दिसणं, ट्रक रिव्हर्स घेताना दोन्ही आरसे जिथे असायला हवेत तिथेच दिसणं, ह्याची मजा एकदा अनुभवली की माणूस परत एका स्क्रीनवर जात नाही.

पिक्सेलचा हिशोब

कार्डाला मॉनिटर तीन आहेत का एक आहे ह्याच्याशी घेणंदेणं नसतं, त्याला एकूण किती पिक्सेल रंगवायचे ते कळतं. १०८०पी म्हणजे १९२० गुणिले १०८०, साधारण २०.७ लाख पिक्सेल. असे तीन म्हणजे ५७६० बाय १०८०, ६२.२ लाख. आता एका ४के मॉनिटरचे पिक्सेल बघा, ८२.९ लाख. म्हणजे तीन १०८०पी मॉनिटर हे एका ४के मॉनिटरच्या बरोबर पाऊणपट झाले. आणि तीन १४४०पी घेतले तर ७६८० बाय १४४०, एकूण १ कोटी १०.६ लाख, म्हणजे ४के पेक्षा एक तृतीयांश जास्त. तीन ४के लावायचे म्हटलं तर जवळजवळ अडीच कोटी पिक्सेल होतात, त्याची गोष्ट वेगळीच आहे, पुढे बोलू.

हा हिशोब सांगायचं कारण असं की तीन स्क्रीनवरचे रिव्ह्यू कोणी फारसे करतच नाही, शोधून शोधून दमायला होतं. पण ४के चे रिव्ह्यू प्रत्येक कार्डाचे मिळतात. तर तुमचं माप ४के. समजा तुमच्या आवडत्या गेममध्ये एखादं कार्ड ४के वर ६० एफपीएस (सेकंदाला ६० फ्रेम्स) देतंय, तर तीन १०८०पी वर ते कागदावर ८० देईल आणि तीन १४४०पी वर ४५ देईल. १०८०पी चा रिव्ह्यू बघून त्याला तीनने भागायच्या भानगडीत पडू नका, कारण १०८०पी वर बऱ्याचदा कार्ड नव्हे तर प्रोसेसर आकडा अडवून धरत असतो आणि तो आकडा तुम्हाला कार्डाबद्दल काहीच सांगत नाही.

आता कागदावरच्या आकड्यातून अजून थोडं वजा करायचं. ४के स्क्रीनवर दृश्य तेवढंच असतं, फक्त बारीक दिसतं. तीन स्क्रीनवर दृश्य रुंद होतं, म्हणजे बाजूची झाडं, स्टँडमधली माणसं, शेजारच्या लेनमधल्या गाड्या, जे एका स्क्रीनवर दृश्याच्या बाहेर असल्यामुळे गेम रंगवतच नव्हता, ते सगळं आता रंगवावं लागतं. मी माझ्यापुरता १० ते १५ टक्के कमी धरतो. त्यामुळे वरच्या उदाहरणात ८० चे ७० धरा आणि ४५ चे ४० धरा, आणि मग स्वतःला विचारा की चालेल का.

रुंद ३२:९ मॉनिटरचा विचार असेल, ५१२० बाय १४४० वाला, तर त्याचे ७३.७ लाख पिक्सेल होतात, म्हणजे ४के च्या थोडं खाली. कार्डाला तो तीन १४४०पी पेक्षा बराच हलका पडतो, केबल एकच, मधे कड नाही. पण तो तुमच्याभोवती तसा वळत नाही आणि रेसिंगमध्ये बाजूचं तेवढं दिसत नाही. २७ इंची मॉनिटर साधारण ६० सेंटिमीटर रुंद असतो, तो डोळ्यांपासून ६० सेंटिमीटरवर ठेवला तर आडवा कोन ५३ अंशाचा होतो, असे तीन कोनात लावले की १५९ अंश. एवढं कुठलाच एकटा मॉनिटर देत नाही.

किती फ्रेम्स लागतात खरंच

इथे भावनेच्या भरात सगळे १४४ म्हणतात. जरा थांबा. ६० एफपीएस म्हणजे एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद, ९० म्हणजे ११.१ आणि १४४ म्हणजे ६.९ मिलिसेकंद. म्हणजे ६० वरून ९० वर गेलं की साडेपाच मिलिसेकंद वाचतात आणि हाताला लगेच जाणवतं, ९० वरून १४४ वर गेलं की सव्वाचार वाचतात पण त्याच्यासाठी कार्डाचं काम दीडपटीहून जास्त वाढतं आणि पैसे त्याहून जास्त. युरो ट्रक सिम्युलेटर २ खेळणाऱ्याला स्थिर ६० पुष्कळ झाले. रेसिंगला मी ९० च्या आसपास स्थिर मागतो. ऑनलाइन लीगमध्ये सिरीयसली उतरणाऱ्याने १२० च्या पुढे बघावं, त्याचा तिथे उपयोग आहे.

स्थिर हा शब्द दोनदा आलाय तो मुद्दाम. रिव्ह्यूमध्ये सरासरीच्या खाली एक अजून आकडा असतो, १ टक्का लो म्हणून, म्हणजे सगळ्यात संथ १ टक्का फ्रेम्सचा वेग, तो बघा. सरासरी ९५ आणि लो ४८ असलेल्या कार्डापेक्षा सरासरी ८५ आणि लो ७० वालं कार्ड तीन स्क्रीनवर कितीतरी चांगलं वाटतं, कारण तीन स्क्रीनने तुमची सगळी नजर व्यापलेली असते, एक झटका बसला की तो नुसता दिसत नाही, पोटात जाणवतो. काहींना मळमळतंसुद्धा.

पोर्ट, केबल आणि माझे वाया गेलेले पैसे

बाजारातल्या बऱ्याचशा कार्डांना तीन डिस्प्लेपोर्ट (डीपी) आणि एक एचडीएमआय असतं, आणि एकावेळी चार डिस्प्ले चालतात. पण बऱ्याचशा म्हणजे सगळ्या नाही. स्वस्त आणि छोट्या कार्डांवर कधी एक डीपी आणि दोन एचडीएमआय असतात, आणि एकाच चिपचं कार्ड वेगवेगळ्या कंपन्या वेगवेगळे पोर्ट देऊन विकतात, म्हणून चिपचं नाव वाचून थांबू नका, नेमक्या मॉडेलचा मागच्या पट्टीचा फोटो बघा आणि पोर्ट मोजा. तेच मॉनिटरचं. मॉनिटरवर १६५ हर्ट्झ लिहिलेलं असतं पण ते डीपीवर, एचडीएमआयने जोडला तर बरेच स्वस्त मॉनिटर १४४ वर किंवा त्याच्याही खाली येतात. एचडीएमआय २.० मधून १४४०पी ला १४४ पर्यंत जातं, डीपी १.४ मधून १६५ आणि १८० सुद्धा आरामात जातं. एक मॉनिटर १४४ वर आणि दोन १६५ वर असं चालवलं तर तिन्ही एका मापात आणायला सगळ्यांना खाली यावं लागतं.

माझा पहिला सेटअप जुळवताना एका मॉनिटरला फक्त डीपी रिकामा होता आणि कार्डावर फक्त एचडीएमआय उरलं होतं. दुकानदाराने एक केबल दिली, एका टोकाला डीपी आणि एका टोकाला एचडीएमआय, म्हणाला दोन्हीकडून चालते. घरी आणून लावली तर स्क्रीन काळी. दोन दिवस मी ड्रायव्हर टाकतोय काढतोय, विंडोज परत टाकायच्या विचारात होतो. नंतर कळलं की ह्या साध्या केबली फक्त एकाच दिशेने चालतात, कार्डाच्या डीपीमधून मॉनिटरच्या एचडीएमआयकडे. उलट दिशेला, म्हणजे कार्डाच्या एचडीएमआयमधून मॉनिटरच्या डीपीकडे जायचं असेल तर आतमध्ये चिप असलेला ॲक्टिव्ह कन्व्हर्टर लागतो, बहुतेकांना यूएसबीची पॉवरही द्यावी लागते, आणि तो महाग पडतो. शक्य असेल तर हा प्रकारच टाळा आणि तिन्ही मॉनिटर डीपीवर घ्या. ॲडॅप्टिव्ह सिंक (मॉनिटरचा रिफ्रेश कार्डाच्या फ्रेम्सशी जुळवणारी सोय), म्हणजे जी-सिंक किंवा फ्रीसिंक, तीन स्क्रीनवर चालवायचं असेल तर तिन्ही डीपीवर असले की कटकट सगळ्यात कमी.

आणि तिन्ही केबली कार्डातच लावा. मदरबोर्डच्या मागे जे एचडीएमआय असतं ते प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्सचं असतं, तिथे तिसरा मॉनिटर लावला तर विंडोजमध्ये दिसेल, यूट्यूब चालेल, पण तीन मिळून एक स्क्रीन होणार नाही. यूएसबीवर चालणारे डिस्प्ले ॲडॉप्टरही गेमसाठी उपयोगाचे नाहीत, ते ऑफिसच्या कामाला ठीक. केबल घेताना बाजूच्या मॉनिटरसाठी दोन ते तीन मीटरची घ्या, बॉक्समध्ये येणारी दीड मीटरची केबल कोनात फिरवलेल्या मॉनिटरपर्यंत पोचता पोचता ताणली जाते आणि पोर्ट ढिला होतो.

तीनची एक स्क्रीन कोण करतं

एएमडीने २००९ मध्ये एचडी ५००० सिरीजबरोबर आयफिनिटी आणलं, तेव्हा एका कार्डावर तीन मॉनिटर जोडून एक मोठी स्क्रीन करता येणं ही मोठी गोष्ट होती. एनव्हिडियाचं सराउंड २०१० चं, पण त्यावेळी त्याला दोन कार्डं लागायची, एका कार्डावर ते जीटीएक्स ६८० पासून म्हणजे २०१२ पासून जमलं. आज दोन्हीकडे हे फुकट ड्रायव्हरमध्ये मिळतं आणि दोन्ही व्यवस्थित चालतात. सराउंडला तिन्ही मॉनिटरचं रिझोल्युशन आणि रिफ्रेश रेट सारखा लागतो, त्यामुळे घरात पडलेला जुना २२ इंची बाजूला लावू असं मनात असेल तर ते सोडून द्या. एकाच मॉडेलचे तीन घ्या. रंगही जुळतात, उंचीही जुळते, कडाही. ड्रायव्हरमध्ये बेझल करेक्शन चालू केलं की दोन मॉनिटरच्या मधल्या कडेमागेही चित्र आहे असं धरलं जातं, म्हणजे ५७६० च्या ऐवजी थोडं जास्त रुंद रिझोल्युशन होतं, तेवढा भार कार्डावर वाढतो, फार नाही.

पण खरी गंमत गेमच्या आत आहे. नुसतं सराउंड लावून गेम चालू केला तर गेमला वाटतं की ही एक सपाट लांबलचक स्क्रीन आहे, आणि बाजूच्या मॉनिटरवर गाड्या रबरासारख्या ताणलेल्या दिसतात. ह्याच्यावर उपाय म्हणजे गेमने तीन वेगवेगळे कॅमेरे धरून तीन चित्रं काढायची, प्रत्येक मॉनिटरच्या कोनाप्रमाणे. आयरेसिंगमध्ये हे आहे, तिथे मॉनिटरची रुंदी, कडा, अंतर आणि कोन टाकायचा. असेटो कोर्सामध्ये ट्रिपल स्क्रीन मोड आहे. युरो ट्रक सिम्युलेटर २ मध्ये कॉन्फिग फाइलमधून चालू करता येतं. हे केलं की काय बदलतं हे शब्दात सांगणं अवघड आहे, बाजूची काच खरोखरची काच वाटायला लागते.

तीन चित्रं म्हणजे तीनदा तयारी, आणि ही तयारी प्रोसेसर करतो. म्हणून कार्डाच्या लेखात प्रोसेसरचा विषय काढावाच लागतोय. कार्डाचा वापर ६० टक्के दाखवतोय आणि फ्रेम्स वाढत नाहीत असं झालं तर तुमचा प्रोसेसर दमलाय, त्यावेळी महागडं कार्ड घेऊन एकही फ्रेम वाढणार नाही. सिम्युलेटरवाले रायझनच्या एक्स३डी प्रोसेसरच्या, ५८००एक्स३डी, ७८००एक्स३डी, ९८००एक्स३डी ह्यांच्या मागे लागतात ते ह्याच कारणाने, त्यातली जास्तीची कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी, ह्या गेम्सना फार मानवते. एनव्हिडियाने २०१६ मध्ये जीटीएक्स १०८० बरोबर एक सोय आणली होती, सायमल्टेनियस मल्टी प्रोजेक्शन, म्हणजे दृश्याची आकडेमोड एकदाच करून ती वेगवेगळ्या कोनांतून रंगवायची. आयरेसिंग ती सोय वापरतं. म्हणून फक्त आयरेसिंगच खेळणारा कोणी असेल तर मी त्याला डोळे झाकून एनव्हिडिया सांगतो, बाकीच्यांना तसं सांगत नाही.

इंटेलची आर्क कार्डं एका मॉनिटरला पैशाच्या मानाने चांगली आहेत, बी५८० ला १२ जीबी मेमरी आहे, पण तीन स्क्रीनच्या सिम्युलेटरसाठी मी अजून कोणाला घ्यायला सांगितलं नाही, इथे सराउंड आणि आयफिनिटीच्या मागे दशकभराची सवय आहे, अडलं तर उत्तर सांगणारी माणसंही त्यांचीच जास्त भेटतात.

मेमरी

८ जीबीचं कार्ड तीन स्क्रीनसाठी नवं विकत घेऊ नका. एवढं एक वाक्य लक्षात राहिलं तरी पुष्कळ. मेमरी पुरेना झाली की कार्ड सिस्टीमच्या रॅममधून उसनं आणायला लागतं, तो रस्ता अरुंद आहे, आणि फ्रेम्स हळूहळू कमी होत नाहीत तर मधेच झटके बसतात, बाजूचे टेक्स्चर चिखलासारखे दिसतात. माझ्या आधीच्या ८ जीबीच्या कार्डावर सरासरी ७५ यायची, सगळं छान, आणि शर्यतीच्या सुरुवातीला वीस गाड्या एकत्र आल्या की पहिल्याच वळणावर अर्धा सेकंद चित्र थांबायचं. अर्धा सेकंद पहिल्या वळणावर म्हणजे शर्यत संपली.

तीन १०८०पी ला १२ जीबी हे कमीत कमी, तीन १४४०पी ला १६. आणि इथे नावात फसगत होते ती नीट वाचा (आरटीएक्स म्हणजे एनव्हिडियाचं कार्ड, आरएक्स म्हणजे एएमडीचं). आरटीएक्स ५०६० टीआय ८ जीबीत पण मिळतं आणि १६ जीबीत पण, नाव तेच. आरएक्स ९०६० एक्सटी चं पण तसंच, ८ आणि १६. जुन्या आरटीएक्स ३०६० चं १२ जीबीवालं प्रसिद्ध आहे पण त्याचं ८ जीबीवालंही आलं होतं. दुकानात नुसतं नाव घेऊन मागाल तर कुठलं हातात पडेल सांगता येत नाही, बॉक्सवरचा आकडा वाचून घ्या आणि बिलावरही लिहून घ्या.

जुना मदरबोर्ड असेल तर अजून एक. ५०६० टीआय ला पीसीआय एक्स्प्रेसच्या (म्हणजे कार्ड आणि बोर्ड ह्यांच्यामधल्या रस्त्याच्या) ८ लेन आहेत, ९०६० एक्सटी ला १६. नव्या बोर्डवर फरक पडत नाही, पण बी४५० सारख्या पीसीआय ३.० च्या बोर्डवर ८ लेनच्या कार्डाचा रस्ता अजून अरुंद होतो, आणि मेमरी भरली की तो जाणवतो.

मग घ्यायचं कुठलं

तीन १०८०पी, ६० ते ७५ हर्ट्झ, ट्रक सिम्युलेटर आणि असेटो कोर्सा एवढंच, बजेट तंग: सेकंडहँडमध्ये आरटीएक्स ३०६० १२ जीबी किंवा आरएक्स ६७०० एक्सटी, दोन्हीला १२ जीबी, ६७०० एक्सटी वेगात पुढे आहे पण २३० वॅट खातं, ३०६० चं काम १७० मध्ये भागतं. कॉलेजच्या मुलांनी इथूनच सुरुवात करावी असं मला मनापासून वाटतं, कारण ह्या खेळात व्हील आणि पेडलवर टाकलेला पैसा जास्त आनंद देतो.

तीन १०८०पी पण १२०-१४४ च्या आसपास, किंवा नवीन गेमही खेळायचे: ९०६० एक्सटी १६ जीबी किंवा ५०६० टीआय १६ जीबी. अमेरिकेतली लाँचची किंमत पहिल्याची ३४९ डॉलर आणि दुसऱ्याची ४२९ डॉलर होती, आपल्याकडे १८ टक्के जीएसटी आणि बाकीचं धरून आकडा बराच वर जातो पण दोघांमधलं अंतर साधारण दिसतं. ह्याच्या एक पायरी वर आरएक्स ९०७०, १६ जीबी आणि फक्त २२० वॅट, माझ्या मते तीन स्क्रीनवाल्यांसाठी हे सगळ्यात समजूतदार कार्ड आहे, तीन १०८०पी ला भरपूर आणि तीन १४४०पी ला सेटिंग थोडी खाली आणली की चालतं.

आरटीएक्स ५०७० बद्दल मला सारखं विचारतात. कार्ड वेगवान आहे पण १२ जीबी. तीन १०८०पी ला बिनधास्त घ्या. तीन १४४०पी साठी त्याच्या किमतीत मी नको म्हणतो, चिपमध्ये दम असताना मेमरीसाठी सेटिंग खाली आणावी लागणं मला पटत नाही.

तीन १४४०पी साठी खऱ्या अर्थाने सुरुवात होते ती आरएक्स ९०७० एक्सटी आणि आरटीएक्स ५०७० टीआय पासून, दोन्हीला १६ जीबी, दोन्ही ३०० वॅटच्या आसपास. आधीच्या पिढीतलं ७९०० एक्सटीएक्स चांगल्या भावात मिळालं तर २४ जीबी आहे, पण ३५५ वॅट खातं. ५०८० ला पण १६ च जीबी आहे, वेग जास्त, किंमत फारच जास्त, ज्याला १२० हवेतच त्याच्यासाठी. डीएलएसएस आणि एफएसआर (कमी पिक्सेल रंगवून चित्र मोठं करण्याच्या एनव्हिडिया आणि एएमडीच्या सोयी) मुळे नवीन गेममध्ये ह्या कार्डांचा जोर वाढतो, पण जुने सिम्युलेटर त्यांना ओळखतच नाहीत, त्यामुळे तुमचा गेम त्या यादीत आहे का ते बघूनच तो फायदा मोजा. आणि फ्रेम जनरेशनने, म्हणजे खऱ्या फ्रेम्सच्या मधे तयार करून घातलेल्या फ्रेम्सनी, वाढवलेले आकडे रेसिंगसाठी धरू नका, आकडा वाढतो पण स्टीअरिंगचा प्रतिसाद तेवढा चपळ होत नाही.

तीन ४के: ५०९० घेतलं तरी नव्या गेममध्ये तडजोड करावी लागेल. त्यापेक्षा तीन १४४०पी घ्या आणि उरलेल्या पैशात मजबूत रिग (सीट आणि व्हील बसवायचा सांगाडा) घ्या.

सप्लाय, यूपीएस, उन्हाळा

५०६० टीआय ला कंपनी ६०० वॅटचा सप्लाय सांगते, ५०७० ला ६५०, ५०७० टीआय आणि ९०७० एक्सटी ला ७५०, ५०८० ला ८५०. नाव नसलेल्या कंपनीचा सप्लाय घेऊन इथे पैसे वाचवू नका. नवीन एनव्हिडिया कार्डांना जो छोटा १६ पिनांचा कनेक्टर येतो तो शेवटपर्यंत आत गेलाय का ते टॉर्च लावून बघा, अर्धवट बसलेला कनेक्टर तापून वितळल्याची उदाहरणं झालीत.

आपल्याकडे लाइट जाण्याचा प्रश्न आहे, आणि तीन मॉनिटरवाल्यांचा हिशोब इथे हमखास चुकतो. कार्ड ३००, प्रोसेसर १००, तीन मॉनिटर ३५ च्या हिशोबाने १०५, बाकी फॅन, बोर्ड, व्हील मिळून अजून ५०-६०, म्हणजे साडेपाचशे वॅट. यूपीएसवर जो व्हीएचा आकडा असतो तो वॅट नसतो, ६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो आणि १००० व्हीएचा ६००. म्हणजे ६०० वाला ह्या सेटअपवर लाइट गेल्या क्षणी बीप करून बंद. १००० वाला काठावर. जमत असेल तर प्युअर साइन वेव्हचा घ्या, चांगल्या सप्लायना तो मानवतो. तेही जमत नसेल तर बाजूचे दोन मॉनिटर यूपीएसच्या बाहेर ठेवा, गेम सेव्ह करून बंद करायला मधला पुरतो.

गरमीचं म्हणाल तर साडेपाचशे वॅट म्हणजे खोलीत छोटा हीटर लावल्यासारखं आहे. नागपूर, जळगाव, अकोल्याच्या मे महिन्यात बंद खोलीत हे चालवायचं असेल तर कार्ड निवडताना वॅट हा आकडा फ्रेम्सएवढाच महत्त्वाचा धरा. माझं कार्ड मी पॉवर लिमिट थोडं खाली आणून चालवतो, फ्रेम्स अगदी थोड्या कमी होतात आणि फॅनचा आवाज निम्म्यावर येतो. कॅबिनेटमध्ये कार्ड बसतंय का ते पण मोजा, तीन फॅनची कार्डं ३०० मिलिमीटरच्या पुढे जातात आणि समोर रेडिएटर असेल तर ती जागा वजा करा.

अजून एक बारीक गोष्ट. तीन मॉनिटर वेगवेगळ्या रिफ्रेशवर असले की कार्डाची मेमरी रिकाम्या वेळीही पूर्ण वेगाने धावत राहू शकते, म्हणजे नुसतं ब्राउझर उघडं असतानाही वीज जास्त जाते आणि कार्ड गरम राहतं. तिन्ही सारख्या रिफ्रेशवर ठेवले, किंवा डेस्कटॉपवर असताना तिन्ही ६० वर आणले, की बहुतेक वेळा शांत होतं.

खरेदी करताना

मुंबईत लॅमिंग्टन रोडला जाऊन चार दुकानं फिरणं अजूनही फायद्याचं आहे, ऑनलाइन भाव मोबाइलवर उघडा ठेवून बोला. बिल जीएसटीचं घ्या, त्याच्यावर सिरीयल नंबर लिहून घ्या, आणि वॉरंटी भारतातली आहे का ते विचारा. परदेशातून नातेवाईकांकडून मागवणाऱ्यांनी हे आधी त्या कंपनीकडून लेखी विचारावं, काही कंपन्यांची वॉरंटी देशापुरतीच असते आणि कार्ड बंद पडलं तर परत पाठवण्याचाच खर्च डोईजड होतो.

सेकंडहँड घेताना विकणाऱ्याच्या घरी जा, तुमचा एक मॉनिटर आणि एक डीपी केबल बरोबर न्या आणि प्रत्येक पोर्टला आळीपाळीने लावून बघा. हे कोणीच करत नाही. एका मॉनिटरवाल्याने दोन वर्षं एकच पोर्ट वापरलेला असतो, बाकीचे चालतात का हे त्याला स्वतःलाही माहीत नसतं, आणि तुम्हाला तर तिन्ही लागणार. नंतर अर्धा तास जड गेम चालवायला सांगा, तापमान बघा, फॅनचा आवाज ऐका. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम ह्या क्रिप्टोकरन्सीचं कार्डावरचं मायनिंग (कार्डं दिवसरात्र चालवून चलन कमावणं) बंद झाल्यावर पुष्कळ वापरलेली कार्डं बाजारात आली, त्या पिढीचं ३००० किंवा ६००० सिरीजचं कार्ड घेताना हे डोक्यात असू द्या. मायनिंगचं म्हणजे वाईटच असं नाही, पण फॅन आणि थर्मल पेस्टचा खर्च धरून भाव करा.

नवीन कार्ड घरी आलं की परत करायची मुदत चालू असतानाच तिन्ही मॉनिटर लावून बघा, एक लावून छान चाललं म्हणून बॉक्स फेकू नका. तिन्ही पूर्ण रिफ्रेशवर, सराउंड किंवा आयफिनिटी चालू, तुमच्या गेममध्ये जास्तीत जास्त गाड्या, पाऊस आणि रात्र लावून एक तास चालवा, आणि मेमरीचा वापर, १ टक्का लो आणि तापमान एका कागदावर लिहून ठेवा. स्क्रीन मधेच काळी होऊन परत येत असेल तर आधी केबल बदला, मग दुसरा पोर्ट बघा, आणि तरीही होत असेल तर त्याच दिवशी दुकानात जा.